‘थांब जरा’ हा आवाज कुणाचा?

या महिन्याची पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावर आली, न आलेली गाणी बाहेर येतात कशी. चार घेतलीयेत. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण त्यात एका पोराचं नाव अडकलंय.

प्रश्न : काका नमस्कार, मी ऐरोलीला राहते, सेकंड इयरला आहे. २०२५च्या जानेवारीत डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले आलं होतं तेव्हा नेरूळ स्टेशनवरनं चालत जाताना आमची काही जणांची ओळख झाली आणि त्यातनं एक ग्रुप झाला, आता साठेक जण आहोत, ठाणे, नवी मुंबई, डोंबिवली आणि दोघं पुण्याचे. आधी सगळं चार्ली एक्ससीएक्स नि लाना डेल रे या परदेशी पॉप गायिकांचं चालायचं, कुठलं गाणं कधी लीक झालं, कुठल्या व्हर्जनचे शब्द वेगळे आहेत, यात आम्ही एकदम एक्स्पर्ट. मग ठाण्याच्याच एका गायिकेची (नाव छापू नका प्लीज) अजून न आलेली तीन गाणी फिरायला लागली आणि आम्ही म्हटलं आता शोधायचंच. दोन रात्री जागलो. तीन पुरावे मिळाले. एक, आम्हाला मिळालेल्या सगळ्यात जुन्या फाईलचं नाव एयूडी-२०२५०९१४-डब्ल्यूए००३१ असं आहे आणि त्याच दिवशी नौपाड्यातल्या त्या स्टुडिओतल्या असिस्टंट मुलाने तिथल्या साउंड मिक्सरची इन्स्टा स्टोरी टाकली होती. दोन, स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या जाड-बारीक सुरांचा नकाशा) काढला तर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं कापलेलं, म्हणजे मोबाईलवरनं गेलेली फाईल. तीन, एका गाण्यात १:५२ ला मागनं कुणीतरी ‘थांब जरा’ म्हणतं आणि तो आवाज त्याच्या रीलमधल्या आवाजाशी मॅच होतो. मग आमच्यातल्या एकाने त्याचा फोटो नि इन्स्टा टाकून ‘हाच चोर’ अशी पोस्ट केली, ती खूप फिरली. आता मला पोटात गोळा आलाय. पुरावा पुरेसा आहे ना?

उत्तर : नाही. ती पोस्ट आधी काढायला लाव, मग पुढचं वाच.

काढली? आता एकेक घेऊ. फाईलच्या नावातलं एयूडी म्हणजे ऑडिओ, मग तारीख, मग डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सअॅप आणि पुढे नंबर. ही तारीख गाणं बनल्याची नाही आणि चोरीचीही नाही, कुठल्यातरी एका अँड्रॉइड फोनवर ती फाईल त्या दिवशी येऊन पडली एवढंच. तीच तू मला ऑडिओ म्हणून पाठवलीस तर माझ्या फोनवर आजची तारीख लागेल आणि मग काय, मी चोर? शिवाय नाव बदलायला दोन सेकंद लागतात. १४ सप्टेंबर हा रविवार होता, स्टुडिओत गर्दीचा वार, कारण नोकरी करून गाणारे सगळे रविवारीच येतात, त्या दिवशी तिथनं स्टोरी टाकणारा तो एकटाच होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?

स्पेक्ट्रोग्रामचं निरीक्षण बरोबर आहे, अर्थ ओढूनताणून काढलाय. सीडीत आवाज २२ किलोहर्ट्झपर्यंत मावतो, ३२० केबीपीएसच्या जड एमपीथ्रीत साधारण २० आणि १२८च्या हलक्या एमपीथ्रीत १६च्या आसपास कात्री लागते. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी त्याची हलकी एमपीथ्री केली. ती तर आम्ही स्टुडिओवाले दिवसातनं दहा वेळा करतो, गायिकेला एक, संगीतकाराला एक, गीतकाराला, व्हिडिओवाल्याला, पैसे घालणाऱ्याला आणि पैसे घालणाऱ्याच्या बायकोला सुद्धा, कारण शेवटी पास तीच करते.

आता ‘थांब जरा’. हे तुम्ही खरंच भारी पकडलंय आणि नेमकं इथेच घसरलात. गायिका काचेपलीकडे बूथमध्ये उभी असते, कानाला हेडफोन. इकडनं कुणी बटण दाबून बोललं की ते तिच्या हेडफोनमध्ये जातं, त्याला टॉकबॅक म्हणतात. बऱ्याच जणी स्वतःचा सूर मोकळा ऐकू यावा म्हणून एका कानावरचा हेडफोन थोडा सरकवतात आणि त्या फटीतनं टॉकबॅकचा आवाज निसटून तिच्याच माईकमध्ये शिरतो. म्हणून तो बारीक, पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा असणार, परत ऐकून बघ. असले तुकडे एडिटला बसलं की पहिल्या तासाभरात साफ होतात. म्हणजे तुमच्या हातातली फाईल एडिटच्याही आधीची, एकदम रफ. यावरनं फाईल कुठल्या टप्प्यावर बाहेर पडली ते कळलं. कुणी काढली ते नाही कळलं. आवाज त्याचा असेल तर तो त्या दिवशी कामावर होता इतकंच सिद्ध होतं, असिस्टंटने टॉकबॅक नाही दाबायचं तर काय गणपतीत आरतीला उभं राहायचं? आणि स्वतःचा आवाज असलेली फाईल स्वतःच बाहेर सोडेल इतका बावळट पोरगा स्टुडिओत आठवडाभर टिकत नाही.

तुमच्यासारखे चाहते ज्यात खरंच तयार असतात ते म्हणजे गाण्याची वंशावळ. चार्लीचं २०१७चं प्रकरण तुला मी काय सांगणार, तिसऱ्या अल्बमसाठीची गाणी बाहेर पडली, तो अल्बम तसा कधी आलाच नाही आणि चाहत्यांनी तुकडे जोडून त्याला ‘एक्ससीएक्स वर्ल्ड’ असं नाव सुद्धा ठेवलं. लानाचं ‘से येस टू हेवन’ २०१६ला लीक झालं, नंतर टिकटॉकवर उड्या मारायला लागलं आणि शेवटी २०२३च्या मे महिन्यात तिने ते रीतसर काढलं. मधल्या सात वर्षांत कुठलं व्हर्जन कुठनं आलं याचा हिशोब चाहत्यांनी ठेवला. अमेरिकेत गीतकारांच्या रॉयल्टी संस्थांची यादी कुणालाही शोधता येते, तिथे न आलेल्या गाण्यांची नावं आधीच नोंदलेली सापडतात, हेही पोरांनीच हुडकलं. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण गाण्याचा माग काढणं वेगळं आणि माणसाचा वेगळा.

आणि माणूस सापडतो तेव्हा तो बहुतेक तुमच्या यादीतच नसतो. मॅडोनाच्या ‘रेबेल हार्ट’ अल्बमची गाणी २०१४च्या डिसेंबरात बाहेर पडली, तिला घाईघाईत सहा गाणी आधीच काढावी लागली, पकडला गेला तो इस्रायलमध्ये बसलेला एक हॅकर, १४ महिने शिक्षा झाली, स्टुडिओच्या पायरीवर त्याने पाय सुद्धा ठेवला नव्हता. लानाच्या गाडीतनं लॅपटॉप आणि हार्ड डिस्क असलेली बॅगच चोरीला गेली, तिने स्वतः २०२२ला सांगितलं. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा (आवडता म्हणजे काय, चोरीच आहे, पण डोकं बघा) अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग्ज माउंटन गावच्या सीडी कारखान्यातला. तिथला एक कामगार रिलीजच्या आधीच्या सीड्या पट्ट्याच्या भल्यामोठ्या बक्कलमागे लपवून बाहेर आणायचा. गेटवर मेटल डिटेक्टर वाजला तर बक्कल वाजलं, सोडा. साधारण २००७पर्यंत जवळजवळ २००० अल्बम त्याने असे बाहेर काढले. जगभरातले लोक इंटरनेटवर ते अल्बम उतरवून घेत होते आणि उगम होता एका माणसाच्या कमरेला.

आता माझी एक गोष्ट, ती सांगायचं टाळत होतो. २०११ साली ठाण्यात माझा छोटा स्टुडिओ होता, दीड खोलीचा, पावसाळ्यात भिंतींना ओल आणि वर मजल्यावर पिठाची गिरणी, तिची वेळ सांभाळून रेकॉर्डिंग. एका संगीतकाराचा गणपतीचा अल्बम करत होतो, आठ गाणी, गणेश चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी सीडी यायची होती. आणि जवळजवळ महिनाभर आधी कळव्याला एका रिक्षात त्यातलं गाणं वाजताना मी स्वतः ऐकलं. रिक्षावाल्याकडनं पेनड्राईव्ह मागून घेतला, त्याला कुणी दिला त्याला कुणी दिला करत चार माणसांपर्यंत गेलो, पुढे धागा तुटला. मग आम्ही दोघांनी बसून ‘लॉजिक’ लावलं. किल्ली कुणाकडे? असिस्टंटकडे. रात्री शेवटी कोण जातं? असिस्टंट. परवाच नवीन मोबाईल कुणी घेतला? झालं. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो काहीच बोलला नाही, किल्ली टेबलावर ठेवली, पावसाची छत्री सुद्धा तिथेच विसरून गेला.

पुढे दिवाळीत सहज म्हणून तो पेनड्राईव्ह हेडफोनवर ऐकला. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी ढोलकी थांबते तिथे दीड सेकंदाची जागा आहे, त्यात टिक-टिक, टिक-टिक. मला वाटलं क्लिक ट्रॅक (गाताना लय धरायला हेडफोनमध्ये देतात ती टिकटिक) राहिला. पण लय जुळेना, गाण्याची वेगळी, ह्याची वेगळी. तीनचार वेळा ऐकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, गाडीचा इंडिकेटर. आणि त्याच्या पुढे लांब कुठेतरी सोसायटीत गाडी मागे घेताना वाजतो तो रिव्हर्स हॉर्न, तीच ती ट्यून. कुणीतरी गाडीतल्या टेपवर गाणं लावून मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं. आता मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून झालेलं गाणं, गाडीत लावून तपासायची सवय आमच्याकडे सगळ्यांनाच असते, कारण लोक शेवटी तिथेच ऐकतात, आणि त्या मिक्सची सीडी एकच माणूस गाडीत घेऊन गेला होता. संगीतकार स्वतः. शेजारी बसलेल्या मेव्हण्याला गाणं इतकं आवडलं की त्याने मोबाईल काढला. चोरी नव्हतीच, कौतुक होतं.

तो असिस्टंट आता पनवेलला इव्हेंटचा साउंड करतो, चांगलं चाललंय. माफी मागितली, ‘जाऊ द्या सर’ म्हणाला. वाशीला कार्यक्रमात भेटतो, हसतो, बोलतो. चहाला थांबत नाही.

तर तुम्ही चोर ठरवलेल्या त्या पोराचं बघा. जिथे पोस्ट केली तिथेच ‘आमचं चुकलं’ असं स्पष्ट लिहा, डिलीट करून गप्प बसू नका, कारण स्क्रीनशॉट फिरत राहतात. नाव-फोटो टाकून चोर म्हणणं ही बदनामी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या पोस्टवाल्याला वाचून दाखव. आणि १:५२चा तुमचा शोध गायिकेला नेऊन द्या, फक्त तिला. रफ कुणाकुणाला पाठवली हे तिच्या फोनमध्ये तारखेसकट आहे, तुम्हाला दोन जन्म जागून ते मिळणार नाही.

प्रश्न : नमस्कार, मी घोडबंदर रोडला राहते. मुलगा अकरावीत आहे. क्लासच्या पुस्तकांसाठी दिलेल्या पैशातले २२०० रुपये त्याने कुठल्यातरी अमेरिकन रॅपरचं न आलेलं गाणं ‘ग्रुप-बाय’मध्ये घ्यायला दिले असं कळलं. गाणं आलंच नाही आणि ज्याला यूपीआय केलं त्याने ब्लॉक केलं. त्याचे बाबा म्हणतात पोलिसात जाऊ, मला भीती वाटते की यात मुलगाच अडकेल. काय करावं?

उत्तर : ताई, हा प्रकार म्हणजे कॉन्ट्री काढून चोरीचा माल घ्यायचा. कुणीतरी सांगतं माझ्याकडे अमुक गाणं आहे, १५ सेकंदांचा तुकडा ऐकवतं, किंमत ठेवतं आणि मग जगभरची पोरं थोडे थोडे घालतात. भिशीसारखंच, फरक एवढा की भिशीवाल्या काकू कुठे राहतात ते आपल्याला माहीत असतं.

पैसा मोठा आहे यात. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या एका तरुणाला २०२२ला दीड वर्षाची शिक्षा झाली, कलाकारांची ऑनलाइन खाती फोडून तो गाणी चोरायचा आणि क्रिप्टोवर विकायचा. एड शीरनची पण होती त्यात. ८९ कलाकारांची १२६३ गाणी त्याच्याकडे सापडली, कमाई १ लाख ३१ हजार पाउंड. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकन रॅपर एमिनेमच्या जुन्या साउंड इंजिनीयरवर गुन्हा दाखल झाला, आरोप असा की २५च्या वर गाणी साधारण ५० हजार डॉलरच्या बिटकॉइनला विकली, आणि घेणारे कोण, तर चाहत्यांचाच ग्रुप, कॉन्ट्री काढून. ते प्रकरण उघडकीला कसं आलं ते मजेशीर आहे, ऑनलाइन फिरणाऱ्या एका फोटोत फाईलींची यादी दिसत होती, ती स्टुडिओतल्याच लोकांनी ओळखली, अरे ही तर आपली हार्ड डिस्क.

आणि गाणं आलं असतं तरी ते खरं असतं याची काय खात्री? २०२३ला अमेरिकन गायक फ्रँक ओशनची लीक म्हणून गाणी हजारो डॉलरला विकली गेली, नंतर कळलं एआयने बनवलेली. तुमच्या मुलाला निदान खोटं गाणं तरी ऐकावं लागलं नाही.

पोलिसांचं म्हणाल तर १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, आजच करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर थांबवता येण्याची शक्यता असते. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्या माणसाने ब्लॉक केलं असलं तरी मुलाच्या फोनवरचं चॅट तसंच असतं. काय घ्यायला दिले ते लपवू नका, खरं सांगा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, पण ते जाणूनबुजून कॉपीराइट मोडणाऱ्यासाठी आणि त्याला मदत करणाऱ्यासाठी, तुमच्या मुलाच्या हातात तर गाणं आलंच नाही. तरी मनात धाकधूक असेल तर ओळखीच्या वकिलाला आधी एक फोन करा. बाबांना म्हणावं आवाज चढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारच नाही. पुस्तकं सेकंडहँड आणा, ते २२०० तिथनं वसूल होतील.

प्रश्न : काका, नेरूळवरनं. ग्रुपवर लीक झालेलं गाणं ‘फ्लॅक, स्टुडिओ क्वालिटी’ म्हणून मिळालं, ४० एमबीची फाईल आहे, म्हणजे ओरिजिनलच ना?

उत्तर : फ्लॅक म्हणजे आवाज न कापता ठेवणारी फाईल, पण १२८ची एमपीथ्री फ्लॅकमध्ये बदलली की फाईल फुगते, आवाज तेवढाच राहतो. चहात पाणी घालून मोठ्या ग्लासात दिल्यासारखं. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात स्पेक्ट्रोग्राम उघड, १६ किलोहर्ट्झच्या वर रेघ मारल्यासारखं सगळं एकदम रिकामं दिसलं तर फसलास. कानाने कळणार नाही, माझ्या वयाला तर १२च्या वर नुसती शांतता आहे. पण तू लीक का उतरवून घेतोयस हा प्रश्न मी विचारला असं समज.

प्रश्न : दादा, मी कोपरखैरण्याला घरीच गाणी करतो, एका मोठ्या प्रोजेक्टला चार डेमो पाठवायचेत, आठ-दहा जणांकडे जातील. बाहेर गेले तर कुणाकडनं गेले कसं कळेल? उगाच कुणावर संशय नको.

उत्तर : तू पहिलं पत्र न वाचता हे विचारलंस, म्हणून तुला वेगळे मार्क.

सगळ्यांना एकच फाईल पाठवू नकोस, प्रत्येकाला जरा वेगळी दे. २०१६ला ‘उडता पंजाब’ सिनेमा रिलीजच्या दोन दिवस आधी ऑनलाइन आला तेव्हा कोपऱ्यात ‘फॉर सेन्सॉर’ असं लिहिलेलं दिसत होतं, त्यामुळे निदान कुठली कॉपी बाहेर आली ते लगेच कळलं. गाण्यात असं लिहिता येत नाही पण करता येतं. एकाला दुसऱ्या अंतऱ्यात घुंगराचा एक ठोका जास्त, एकाला शेवटच्या सुराआधी पाव सेकंद उशीर, एकाच्या मुखड्यात टाळ डावीकडे, दुसऱ्याच्या उजवीकडे. फाईलच्या नावात किंवा टॅगमध्ये खूण ठेवू नकोस, ती पुसली जाते, आणि मोबाईलवर परत रेकॉर्ड केलं तर डावं-उजवंही जातं, म्हणून ठोका आणि उशीर हेच धर. एमपीथ्री झाली, गाडीत वाजली, रिक्षात वाजली तरी ठोका ठोकाच राहतो.

लिंक पाठवलीस तर ‘एनीवन विथ द लिंक’ बंद कर, ज्याच्या त्याच्या ईमेलला परवानगी दे, आणि तुझ्या मेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लाव, आजच. आणि खूण सापडली तरी ती त्या माणसाची कॉपी आहे इतकंच समज, त्याच्या घरात मेव्हणा असू शकतो. आधी फोन करून विचार.

कुणाला कुठला ठोका दिला ते वहीत लिही, पेनने, तारीख घालून. आणि ती वही कॉम्प्युटरशेजारी ठेवू नकोस.